विधान क्रमांक चौदा

दश्तियार सरांनी प्रश्नावल्या वाटल्या तेव्हा
खिडकीबाहेरचं अहवाज धुळीनं पिवळं पडलं होतं.
पंखा बंद. वीज दुपारी येते, आली तर.

सत्तावीस विधानं, प्रत्येकापुढे पाच चौकोन,
‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत
आणि मधोमध ‘सांगता येत नाही’,
जिथे मी लहानपणापासून राहत आलेय.

‘करार शेतीमुळे शेतकऱ्याची जोखीम कमी होते.’
कोहज़ादनं पुरतं न वाचताच खूण केली.
मागच्या हिवाळ्यात त्याच्या वडिलांनी
टोमॅटोची अख्खी गाडी मेंढ्यांपुढे ओतली होती.
तिसऱ्या दिवशी मेंढ्यांनीही तोंड फिरवलं.
‘भाव आधी ठरला असता तर...’
एवढंच म्हणतो तो,
आणि त्यावर कुणी काय बोलावं.

सोआद पेन चावत बसली होती.
तिच्याकडे खजुराची बाग, पणजोबांच्या हातची.
म्हणाली, ‘खजूर काय सही बघून फळतो?’
नईम म्हणाला, ‘फळत नाही, पण विकला जातो.’
सगळे हसले. सरही.

आमच्या भाषेत करार म्हणजे ठरलेली गोष्ट
आणि करार म्हणजे थाराही,
जिवाला मिळणारी स्वस्थता.
ती नसेल तो बेकरार.
एका शब्दात ही दोघं कशी काय नांदतात
हे सत्ताविसांपैकी एकाही विधानात नव्हतं.

चौदावं होतं:
‘शिक्षणानंतर करार शेतीत सहभागी व्हायला मला आवडेल.’
गोळा करताना मी चोरून पाहिलं.
बेचाळीस कागद, बेचाळीस वेळा ‘पूर्ण सहमत’,
सोआदचासुद्धा.
पायऱ्या उतरताना उमगलं,
प्रत्येकानं स्वतःला पाहिलं होतं
कंपनीच्या टोपीत, पांढऱ्या पिकअपमधून
बांधावर उतरताना,
दुसऱ्याच्या बांधावर.
कागदाच्या त्या टोकाला, जिथे शिक्का बसतो.
अंगठ्याच्या टोकाला कुणीच नव्हतं.

तिथे माझे बाबा आहेत.
पीक कोल्झा, मोहरीचं चुलत भावंड.
बी कंपनीचं, खत कंपनीचं,
ऊन आमचं.
करार मी फोनवर वाचून दाखवला होता,
अकरा कलमं, एकेक शब्द मोठ्यानं.
आठव्यापाशी ते म्हणाले,
‘मोहन्देस, तू वाचलंस ना? मग झालं.’
मोहन्देस म्हणजे इंजिनिअर.
मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला.

कापणीच्या आठवड्यात प्रयोगशाळेतला आर्द्रतामापक
शालीत गुंडाळून घरी नेला, कुणाला न विचारता.
आमच्या मापकात नऊ.
त्यांच्यात बारा.
त्यांचा माणूस म्हणजे फरामर्ज़,
आमच्याच कॉलेजचा, दोन वर्षं पुढे;
माती परीक्षणात मी पास झाले ती त्याच्या वह्यांवर.
दोन्ही यंत्रं त्यानं शेजारी शेजारी ठेवली,
पुन्हा एकदा दाणे भरले,
पुन्हा नऊ, पुन्हा बारा.
‘तुझंही बरोबर असेल,’ तो म्हणाला,
‘पण करारात नाव माझ्या यंत्राचं आहे.’
कलम सात.
मीच तर वाचलं होतं.

तो चहा घेईना.
बाबांनी साखरेचा खडा त्याच्या तळहातावर ठेवला,
मग घेतला, उभ्यानंच,
खडा गालात धरून, खाली बघत.

आता माझा कागद तेवढा उरलाय.
चौदापुढे, समासात, मी लिहिलं:
कुठल्या बाजूनं?
सर चष्मा वर करून म्हणाले,
‘समासातलं संगणक घेत नाही गं.
आणि रिकामं सोडलंस
तर रिकाम्या उत्तराला आम्ही नऊ लिहितो.’

लिहा, म्हटलं.
आमच्या मापकातही
नऊच आलं होतं.